मुलाच्या दारासमोर गप्प बसताना

आमच्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे गिऱ्हाईक हातचं घालवणं. मल्लेश्वरमला आमचं मॅचिंग सेंटर आहे, आजोबांच्या वेळचं. बायका साडी घेऊन येतात, मी त्या रंगाचा ब्लाउज पीस, अस्तर, फॉल काढून देतो. वडिलांनी मला रंग ओळखायला शिकवलं ते नंतर, आधी बोलायला शिकवलं. बाई गप्प झाली की समजायचं, ती आता उठणार. लगेच दुसरा तागा उलगडायचा, तो नको तर तिसरा, आणि तोंड बंद पडू द्यायचं नाही. तिने एकाच कापडाला दुसऱ्यांदा हात लावला की मग तर क्षणभरही थांबायचं नाही. ‘किती काढू अक्का, एक मीटर?’ म्हणत कात्री उचलायची. विचार करायला वेळ दिला की ती समोरच्या दुकानात गेलीच. मी घरातही असाच. कन्नडमध्ये, मराठीत, मोडक्यातोडक्या हिंदीत, जो समोर येईल त्याच्याशी बोलत असतो. बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा कुणाला तरी अस्तर विकत असतो.

अशा माणसाला साठीच्या उंबरठ्यावर एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की रोज सकाळी थोडा वेळ डोळे मिटून गप्प बसा.

कारण माझा मुलगा. एकुलता एक, पंचविशी ओलांडलेला. मारतहळ्ळीच्या पुढे एका कंपनीत इंजिनियर होता. चांगलं चाललं होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं. एके दिवशी भरदुपारी घरी आला, बॅग सोफ्यावर टाकली, ‘बरं वाटत नाही’ म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. ताप असेल म्हणून बायकोने मिऱ्यांचं सार केलं. ते सार तसंच गार झालं. त्यानंतर तो बाथरूमपुरता बाहेर येतो, आम्ही आसपास नसताना झाकून ठेवलेलं काहीतरी खातो आणि पुन्हा दार लावून घेतो. नोकरी गेली. मित्र सुरुवातीला येत होते, दाराबाहेरून हाका मारत होते, मग त्यांचंही येणं थांबलं. या सगळ्याला आता वर्ष होऊन गेलं.

मी जे येतं तेच केलं, म्हणजे बोललो. दाराबाहेर उभा राहून समजावलं, मग चिडलो, मग पुन्हा समजावलं. तुला गाडी घेऊन देतो म्हटलं. माझ्या वेळी आम्हाला असले आजार परवडत नव्हते, हेही म्हटलं. बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावून आलेली बायको माझ्याकडे नुसती बघत राहायची. आतून उत्तर यायचं नाही. फार झालं की एवढंच यायचं, “साकु अप्पा.” पुरे, बाबा. लहानपणी जास्तीचा भात वाढला की तो ताटावर हात धरून असंच म्हणायचा.

मग एका सकाळी आतून साधी चाहूलही येईना. हाका मारून मारून बायकोचा घसा बसला. मी खांद्याने दार फोडायला निघालो तेवढ्यात ते उघडलं. तो झोपला होता, इतकंच. आमच्याकडे बघून म्हणाला, “काय झालं?” काही नाही म्हटलं. तो आंघोळीला गेला तेव्हा मी पेचकस आणून त्याच्या दाराची आतली कडी काढून टाकली. कशासाठी काढली हे आम्हा तिघांपैकी कुणीच बोललं नाही. मला भीती एकच होती आणि ती आजही आहे. एक दिवस मी ते दार ढकलीन आणि आत माझा मुलगा जिवंत नसेल.

तो डॉक्टरकडे यायला तयार नव्हता म्हणून आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरबाई आम्हाला मुलगी शोभतील अशा वयाच्या, उत्तरेकडच्या कुठल्या तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्याला औषधं लागतील, त्याला आणायचा प्रयत्न सोडू नका, अमुक काही दिसलं तर वाट न बघता फोन करा, असं नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, तुमच्या घरात शांतता कधी असते? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी दुकानात असतो तेव्हा. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. रोज सकाळी थोडा वेळ बसा म्हणाल्या. डोळे मिटायचे, श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढ्याकडे लक्ष द्यायचं. मन दुसरीकडे गेलं की रागावायचं नाही, परत आणायचं. बाकी काही नाही.

मला भयंकर राग आला. मुलगा आत कुजतोय आणि ही बाई मला श्वास घ्यायला शिकवतेय! पण परत येताना मेट्रोत बसल्या बसल्या माझ्या दुकानदाराच्या डोक्यात एक युक्ती आली. बसायचंच आहे ना, मग नवीन माल कुणी गोदामात ठेवतं का? तो समोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल असा लावायचा. बोलून ऐकत नाही, तर बघून तरी येईल. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या दारासमोर, पॅसेजमध्ये, भिंतीला पाठ लावून चटई टाकली.

ध्यान म्हणजे काहीतरी उदात्त असेल अशी माझी समजूत होती. डोळे मिटल्यावर मला पहिल्यांदा कळलं ते हे की माझे गुडघे गेलेले आहेत. मग नाक खाजायला लागलं. मग खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, सोप्पूवाली पालेभाजीच्या नावांची माळ ओढत रस्त्याने गेली, कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत कोपऱ्यावर थांबली. एक श्वास आत गेला की मला आठवायचं, मोरपिशी अस्तर संपलंय. बाहेर सोडताना आठवायचं, ती जयनगरची बाई फॉल-पिकोची साडी न्यायला येणार होती. परत आणायचं म्हणे मनाला! ते परत येताना आणखी चार विचार बरोबर घेऊन यायचं. आणि यातलं काहीच नसलं की त्याच्या दाराच्या आतली, कडी काढल्यावर उरलेली भोकं दिसायची. मिटलेल्या डोळ्यांना ती जास्तच स्पष्ट दिसत. मी घाबरून डोळे उघडायचो आणि समोर तेच दार.

“स्वल्प जरा खोलीत बसा की,” बायको हळूच म्हणायची. “इथं वाट अडते.”

“वाट अडायलाच बसलोय,” मी म्हणायचो.

तरी मी उठलो नाही. हट्टी आहे मी. पण त्या बसण्यातून काही मिळतंय असं मात्र मला कधी वाटलं नाही. उलट दिवसभर बोलून जे दडपून टाकत होतो ते सकाळच्या त्या थोड्या वेळात वर यायचं. रडायला येत नव्हतं. नुसतं छातीत काहीतरी जड होऊन बसायचं आणि मग दुकानात जाऊन मी दुप्पट बोलायचो.

त्याच्या दाराखाली बोटभर फट आहे. आतला दिवा लागला की तिथून उजेडाची पट्टी पॅसेजमध्ये येते. एका सकाळी मी अर्धा डोळा उघडून पाहिलं तर त्या पट्टीत दोन काळे ठिपके होते. तो दाराला लागून उभा होता. किती वेळ, कोण जाणे. मी डोळा गच्च मिटून घेतला आणि छाती अशी धडधडायला लागली की श्वासबिस सगळं विसरलो. पुढे काही दिवस ते ठिपके रोज दिसले. मग दार हातभर उघडं राहायला लागलं. मी आत बघायचो नाही, बघितल्यासारखंही करायचो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काही न दाखवता बसलो होतो, असं तेव्हा मला वाटायचं.

आणि एक दिवस तो बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. मी डोळे उघडले नाहीत. तेल न लावलेल्या केसांचा, बंद खोलीचा वास आला, त्यावरून कळलं. माझा मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून श्वास घेत होता. मी त्याचा श्वास ऐकत होतो. आत, बाहेर. तो लहान असताना दम्याने बेजार व्हायचा, तेव्हा मी असाच त्याच्या छातीवर कान ठेवून बसायचो. उठून तो आत गेला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडावर पदर धरून उभी होती. मी तिला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. मी! तिला!

मग तो रोज यायला लागला. आधी उंबऱ्यावर, मग चटईच्या टोकाला. एकदा त्याने नखं कापलेली दिसली. एकदा उठून जाताना स्वयंपाकघरात डोकावून आईला म्हणाला, “कॉफी आहे का?” ती बिचारी कॉफी करायची सोडून त्याच्याकडेच बघत राहिली आणि दूध उतू गेलं. मी दुकानात गिऱ्हाइकांशी प्रेमाने बोलायला लागलो. न विचारता जास्तीचं कापड फाडून द्यायला लागलो. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, छान आहे, घाई करू नका, तो येईल तसा येऊ द्या. सरी, सरी, बरोबर आहे, म्हटलं मी.

त्या दिवशी तो येऊन माझ्या अगदी शेजारी बसला. भिंतीला पाठ लावून, माझ्यासारखाच. थोड्या वेळाने त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मला वाटलं चुकून लागला, काढून घेईल. त्याने काढला. आणि मग पुन्हा टेकवला आणि तसाच ठेवला.

मी काय सांगू? चाळीस वर्षांची सवय. समोरच्याने दुसऱ्यांदा हात लावला की थांबायचं नाही. माझे डोळे उघडले, तोंड उघडलं आणि मी म्हटलं, “बघ, किती फरक पडलाय तुला.”

तो बोलला नाही म्हणून मी पुढचा तागा काढला. “उद्या येतोस का माझ्याबरोबर दुकानात? काही करू नकोस, नुसता बस.” लगेच तिसरा तागा. “नको, दुकान नको. डॉक्टरबाईंकडे जाऊया एकदा. फार चांगल्या आहेत. त्यांनीच सांगितलं होतं मला बसायला. मी म्हटलं, आपण दारातच बसू, बघून बघून येईल हा. आणि आलास की नाही?” मी हसलोसुद्धा. इतका आनंद झाला होता मला, माझी युक्ती त्यालाच सांगत होतो. “एक गोळी चालू केली की महिन्याभरात तू पहिल्यासारखा होशील. मग नोकरीचं बघू. तीच पाहिजे असं नाही, इथे जवळपास...”

“म्हणजे हे त्यासाठी होतं?” तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं पूर्ण वाक्य. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला कळलं असतं काय करायचं. त्याच्या तोंडावर नुसता शिणवटा होता, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर असतो तसा.

“अप्पा, मला वाटलं, तुम्हालाही तेच होतंय,” तो म्हणाला. “रोज फटीतून दिसायचात. एकटेच बसलेले. इतके गप्प मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, यांना कुणालाच सांगता येत नसेल. म्हणून आलो मी. तुम्ही एकटे नको म्हणून.”

तो भिंतीला हात लावून उठला, आत गेला आणि त्याने दार लावलं. कडी नसलेलं दार. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. त्याने टेबल दाराला लावलं असावं.

मी त्या चटईवर किती वेळ होतो ते आठवत नाही. बायको येऊन शेजारी बसली. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो बाहेर आला नाही. डॉक्टरबाईंना मी जे झालं ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दार पुन्हा उघडेल, तुम्ही बसणं सोडू नका. लोक असं म्हणतात. त्यांना म्हणावंच लागतं. टेबल हलल्याचा आवाज रोज येतो, तो बाथरूमला जातो, ताट रिकामं होतं, म्हणजे तो आहे. एवढ्यावर आमचा दिवस निघतो. एका दुपारी दुकानात एक बाई डाळिंबी रंगाची साडी उघडून बसली होती. मी तिच्यासमोर तागे काढत होतो, ती नकाराची मान हलवत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मला रंगच कळत नाहीयेत. सगळे सारखेच दिसत होते, धुऊन धुऊन विटलेल्या पंच्यासारखे. आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. ती बाई गप्प झाली, उठली, चप्पल घालून निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. तिच्यामागे दुकान उघडं ठेवून मी स्टुलावर बसून राहिलो, आणि तेव्हा मला कळलं की त्याला काय होतंय ते. ‘बरं वाटत नाही’ म्हणाला होता तो. त्याने अगदी नीट सांगितलं होतं.

आता मला खरंच बसावं लागतं. सकाळी तो थोडा वेळ डोळे मिटले नाहीत तर दिवस सुरू करायची ताकदच येत नाही. सुधारत काहीच नाही, पण त्या वेळापुरतं कुणाला काही विकावं लागत नाही. श्वास आत जातो, बाहेर येतो. अस्तराची आठवण आता येत नाही. ती येत होती तेव्हा बरं होतं, असंही कधी वाटतं.

“सांगा की त्याला,” बायको म्हणते. “तुम्हालाही होतंय म्हणून सांगा. तो येईल. तुमच्यासाठी आला होता ना?”

तिचं म्हणणं खरं आहे. माझा मुलगा स्वतःसाठी त्या खोलीबाहेर आला नाही, माझ्यासाठी आला होता. पण आता दारापाशी जाऊन मी काय म्हणू? अरे, आधीचं नाटक होतं, पण आता मात्र अस्सल आहे? ‘हे मात्र अस्सल’ असं मी रोज दहा गिऱ्हाइकांना म्हणतो. जे काही म्हणीन ते त्याला तसंच ऐकू येईल. मी काही दिवस गच्चीवर जाऊन बसून पाहिलं, त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे तरी ते खरं राहील. पण त्या दारापासून इतकं लांब बसून डोळे मिटायचं धाडस होईना. टाकीच्या आड बसून मी खालच्या घरातला आवाज ऐकत राहायचो. शेवटी पुन्हा चटई घेऊन पॅसेजमध्ये आलो.

तिथेच बसतो. कधी कधी त्या पट्टीत दोन ठिपके येतात. थोडा वेळ थांबतात आणि जातात. तो बघत असतो, मी आता काय काढतोय ते. हल्ली मला बसल्यावर रडू येतं, आधी येत नव्हतं. मी टॉवेल बरोबर घेऊन बसतो आणि हुंदका यायला लागला की तो तोंडात दाबून धरतो. आवाज आत गेला तर त्याला वाटेल, अप्पांनी आणखी एक तागा उलगडला.